गुरुकुंजाच्या दारातला महामार्ग

वऱ्हाडातले लोक त्याला अजूनही ‘सहा नंबरचा हायवे’ म्हणतात. सरकारी कागदावर त्याचा आकडा बदलून ५३ झाला, त्याला बरीच वर्षं झाली. सुरतेजवळच्या हजिरा बंदरापासून निघालेला हा रस्ता बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळ्याला येतो. पुढे जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती जोडत नागपूर गाठतो. अमरावती सुटली, नांदगाव पेठ मागे पडलं की तिवस्याच्या अलीकडे गुरुकुंज मोझरी येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली उभा केलेला आश्रम आणि त्यांची महासमाधी, दोन्ही या रस्त्याला लागूनच आहेत.

याच रस्त्याने पश्चिमेला गेलं की व्याऱ्याच्या परिसरात काकरापार अणुवीज केंद्र आहे. ११ मार्च २०१६ रोजी सकाळी तिथल्या पहिल्या अणुभट्टीत जड पाण्याची गळती सुरू झाली. भट्टी आपोआप बंद पडली, केंद्रापुरती आणीबाणी जाहीर झाली आणि बाहेरचा किरणोत्सर्ग मर्यादेच्या वर गेला नाही. गळती शोधून थांबवायला मात्र काही दिवस लागले. तारीख नेमकी जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघाताची, बरोबर पाच वर्षांनंतरची. त्यामुळे बातमीने जास्तच धास्ती घातली. अकोला-मूर्तिजापूरकडच्या नातलगांचे फोन आले. धाकट्या चुलतभावाने विचारलं, “दादा, ते काकरापार आपल्या हायवेवरच हाये म्हणते. मंग आता काय करा लागते?”

माझी नोकरीची वर्षं बोईसरला, तारापूर अणुवीज केंद्राच्या परिसरात गेली. हवा, पाणी, माती, दूध, मासळी यांतला किरणोत्सर्ग मोजायचा आणि नोंदवायचा, हे काम. काकरापार ते मोझरी हे सरळ रेषेतलं अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे वऱ्हाडाला तेव्हा काही करायची गरज नव्हती, हे मी त्याला सांगितलं. तो निर्धास्त झाला. पण गरज पडलीच असती, तर काय करायचं हे वऱ्हाडातल्या एकाही खेड्याला ठाऊक नव्हतं, आणि ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. म्हणून निवृत्तीनंतर महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जायचं ठरवलं, तेव्हा दर्शनाबरोबर आणखी एक काम मनात होतं. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांची माणसं तिथे एकत्र येतात. त्यांच्याशी या विषयावर बोलायचं होतं.

कोजागरी उलटली होती. अकोल्याच्या स्टँडवरून नागपूरकडे जाणारी एस.टी. भगव्या टोप्यांनी भरलेली. खिडकीबाहेर सोयाबीन निघून गेलेली मोकळी वावरं, मधेच फुटलेली कपाशी, तुरीला कुठे कुठे पिवळा फुलोरा. मूर्तिजापूरला चढलेल्या एका आजीबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेली शिदोरी आणि हातात खंजिरी होती. शेजारच्या बाकावरच्या पोराचं लक्ष माझ्या हातातल्या यंत्राकडे गेलं. तळहाताएवढं ते यंत्र किरणोत्सर्ग मोजतं. सवयीने मी प्रवासात ते जवळ ठेवतो. पडद्यावरचा आकडा ०.०७ च्या आसपास डोलत होता, म्हणजे तासाला इतके मायक्रोसिव्हर्ट.

“म्हणजे इथंबी किरणं हायेत?” पोराने दचकून विचारलं.

आहेत, आणि पृथ्वी जन्मली तेव्हापासून आहेत. माती, दगड, आकाश, आपण खातो ते अन्न, सगळ्यांतून थोडा थोडा किरणोत्सर्ग येतच असतो. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात. वऱ्हाडात जमिनीतून येणारा हा वाटा कमीच आहे, कारण काळ्या मातीखालचा आपला दगड बेसॉल्ट, आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम फार थोडं असतं. केरळात करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनॅझाइटच्या वाळूमुळे तोच आकडा कित्येक पटींनी जास्त भरतो, आणि तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. माझं हेच यंत्र विमानात, ढगांच्या वर, दोन-तीन मायक्रोसिव्हर्टपर्यंत चढलेलं मी पाहिलं आहे. पोराला एवढं सांगितलं तेव्हा त्याने यंत्र हातात घेतलं आणि बडनेऱ्यापर्यंत ते खिडकीशी, बाकाखाली, आजीबाईंच्या शिदोरीजवळ धरून पाहिलं. आकडा फारसा हलला नाही. किरणोत्सर्गाची भीती कमी करायची असेल तर त्याला आकड्यात पाहायची सवय लावावी लागते. जे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, त्याची खरी मोजदाद हाच भरवशाचा आधार.

मोझरीत उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं. पायी आलेल्या पालख्या, भजनाच्या पथकांचे राहुट्यांमधले मुक्काम, महाप्रसादाच्या रांगा. भगवी टोपी घातलेली पोरं पाणी वाटत होती, रांग वळवत होती, पत्रावळी उचलत होती. महासमाधीपाशी माथा टेकवला आणि थोडा वेळ बाजूला बसून राहिलो.

इथे बसलं की मला महाराजांचा जपानचा प्रवास आठवतो. १९५५ साली विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी ते जपानला गेले होते. वऱ्हाडातल्या यावलीत जन्मलेला, खंजिरीवर भजन म्हणणारा संत ज्या जपानमध्ये उतरला, तो देश तेव्हा किरणोत्सर्गाच्या भीतीने ढवळून निघाला होता. हिरोशिमा-नागासाकीला दहा वर्षं होत होती. शिवाय १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटांपाशी हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि ती अंदाजापेक्षा फार मोठी ठरली. ठरवलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर टुना पकडणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर पांढरी राख पडत राहिली. बोटीवरचे २३ जण आजारी पडून परतले. त्यांच्यातले रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. जपानी वर्तमानपत्रांनी त्या राखेला ‘मृत्यूची राख’ म्हटलं. मासळीबाजारातले टुना मोजून मोजून पुरले गेले, पावसाच्या पाण्याची लोकांना धास्ती बसली, गृहिणींनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेला कोट्यवधी लोक जोडले गेले आणि ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात अणुबाँबविरोधी पहिली जागतिक परिषद भरली.

त्या २३ कोळ्यांच्या हकिकतीत किरणोत्सर्ग सुरक्षेचा पहिला धडा आहे. शेकोटीची धग आणि शेकोटीची राख या दोन वेगळ्या गोष्टी. धगीपासून लांब गेलात, आड भिंत आली, की ती संपते. राख मात्र अंगावर, कपड्यांवर, केसांत बसून तुमच्याबरोबर घरी येते. त्या कोळ्यांना राख काय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. ती त्यांनी हाताने झाडली, केसांत वागवली, तिच्यासह बोटीवर जेवले-झोपले. अणुअपघातानंतर गावाला आणि वाटसरूला जपायचं असतं ते मुख्यतः या राखेपासून. ती अंगावर येऊ द्यायची नाही, आली तर धुऊन टाकायची आणि पोटात मुळीच जाऊ द्यायची नाही.

रात्री एका राहुटीत पंधरा-वीस जण जमले. तिवस्याकडचे एक निवृत्त गुरुजी, धामणगावचे दोन शेतकरी, मोर्शीकडचे एक संत्रा बागायतदार, अकोल्याजवळच्या एका गावच्या सरपंचबाई. बागायतदारांचा मुलगा उच्च शिक्षणासाठी जपानमध्ये सेंदाई शहरात जाणार होता.

“भाऊ, माहा पोरगा सेंदाईले चालला. तिथून फुकुशिमा लागूनच हाये म्हणते. त्याची माय रोज रडून राह्यली. पाठवू का नोको?”

सेंदाई त्या अणुकेंद्राच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर. मी स्वतः जोबान मार्गाच्या रेल्वेने त्या किनाऱ्यावरून गेलो आहे. अपघातानंतर तुटलेला हा मार्ग मार्च २०२० मध्ये पूर्ण सुरू झाला. फुताबाच्या स्टेशनाबाहेर सौरपॅनल लावलेला एक खांब आहे, त्यावर तिथल्या हवेतल्या किरणोत्सर्गाचा आकडा लाल अक्षरांत सतत दिसतो. ओकुमा-फुताबाच्या पट्ट्यातून गाडी जाताना माझ्या यंत्राचा आकडा वर सरकला, पुढे इवाकीकडे पुन्हा उतरला. काही शिवारं अजून बंद आहेत, वाटेवर फाटकं लावलेली आहेत. सेंदाईत मात्र आकडा इतर कुठल्याही मोठ्या शहरासारखाच आहे. मी त्यांना म्हटलं, “पोराला खुशाल पाठवा. त्याला फक्त तीन गोष्टी सांगा. बंद ठेवलेल्या हद्दीत हौसेने शिरू नको. दुकानातलं, खाणावळीतलं अन्न खा, पण डोंगरातून कोणी आणलेली रानटी अळंबी आणि रानडुकराचं मांस खाऊ नको. आणि पोचल्या पोचल्या भारतीय दूतावासाकडे नाव नोंदव, म्हणजे काही झालं तर निरोप मिळेल.”

दुकानातल्या अन्नावर भरवसा का ठेवायचा, हेही सांगावं लागलं. जपानने एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नात किरणोत्सर्गी सीझियमची मर्यादा किलोला १०० बेकरेल ठरवली, दुधात आणि बाळांच्या अन्नात ५०, पिण्याच्या पाण्यात १०. फुकुशिमा प्रांताने त्याच वर्षापासून आपल्या तांदळाचं प्रत्येक पोतं यंत्राखालून घातलं, वर्षाला सुमारे एक कोटी पोती. पहिल्या वर्षी त्यांतली ७१ मर्यादेबाहेर निघाली, २०१५ च्या पिकापासून एकही नाही. संत्रा बागायतदारांना हे लगेच पटलं. प्रत्येक पोतं मोजायचं म्हणजे काय काम असतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

गुरुजींनी मग मूळ प्रश्न विचारला, “पण तिथं नेमकं चुकलं काय?”

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्सुनामीने फुकुशिमा दाइइचीचे जनित्रसंच बुडवले आणि भट्ट्या थंड ठेवायची सोयच गेली. त्या रात्री लोकांना हलवायची हद्द तीन किलोमीटर होती, दुसऱ्या दिवशी पहाटे दहा झाली, संध्याकाळपर्यंत वीस. लोक एका निवाऱ्यातून दुसऱ्यात हलत राहिले. नामिए गावचे हजारो लोक वायव्येला त्सुशिमात थांबले आणि नेमका वारा तिकडेच वळला. वाऱ्याचे अंदाज सरकारी यंत्रणेकडे होते, गावाला कोणी कळवले नाहीत. १५ मार्चला पाऊस आणि हिमवर्षावाने भट्ट्यांतून सुटलेली किरणोत्सर्गी धूळ इइताते गावावर उतरली. इइताते बहुतांशी तीस किलोमीटरच्याही वर्तुळाबाहेर होतं, तरी महिनाभरानंतर सगळं गाव रिकामं करावं लागलं. अंतराचं वर्तुळ नकाशावर काढता येतं. धूळ वाऱ्याने आणि पावसाने जाते.

दुसरी चूक याहून दुःखाची. ओकुमातल्या एका रुग्णालयातले आणि लगतच्या वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण घाईघाईत, औषध-पाण्यावाचून तासन्‌तास बसमधून हलवले गेले. त्यांच्यातले चाळीसहून अधिक दगावले. सगळ्या फुकुशिमा प्रांतात विस्थापनाचा ताण, तुटलेले उपचार, एकटेपण अशा कारणांनी झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद २,३०० च्या वर आहे, त्सुनामीत तिथे थेट दगावलेल्यांहूनही जास्त. किरणोत्सर्गामुळे रहिवाशांच्या आरोग्यावर थेट परिणाम झाल्याचं मात्र संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला आढळलेलं नाही. म्हणून माझं ठाम मत असं की, घाबरून पळत सुटणं हा अणुअपघातातला मोठा धोका आहे.

त्याच किनाऱ्यावर ओनागावा आहे. भूकंपाच्या केंद्राला ते फुकुशिमाहून जवळ, पण तिथलं अणुकेंद्र उंच जागी बांधलेलं. ते सुरक्षित बंद झालं आणि घरं वाहून गेलेल्या गावकऱ्यांनी त्या केंद्राच्याच व्यायामशाळेत आसरा घेतला. आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ४६ जणांची तुकडी ओनागावातच शोधकार्याला गेली होती, दलाची परदेशातली ती पहिली कामगिरी. एकाच भूकंपात एक केंद्र गावाला उठवून लावतं, दुसरं गावाला आसरा देतं. तयारी किती फरक करते, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

“मंग आपल्याकडं झालं तर आपण काय करा?” सरपंचबाईंनी विचारलं. चुलतभावाचाच प्रश्न. मी सांगत गेलो, गुरुजी वहीत उतरवत गेले.

पहिलं, घरात जा. पक्क्या भिंतीचं, स्लॅबचं घर उत्तम. दारं-खिडक्या बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो. तो बाहेरची हवा ओढून आत टाकतो, म्हणून तो आधी बंद करायचा आणि त्याची खिडकी झाकायची. उकाडा सोसावा लागेल, पण धुळीचा ढग जाईपर्यंतचाच प्रश्न असतो. बाहेर असाल तर नाका-तोंडावर दुपट्टा दुहेरी बांधा. पावसात भिजू नका.

दुसरं, बाहेरून आलेल्याने वरचे कपडे उंबऱ्याबाहेरच काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लांब ठेवायचे. नुसत्या त्याने अंगावरची बहुतेक धूळ जाते. मग साबण आणि कोमट पाण्याने अंघोळ, केसांसकट. चामडी घासून सोलायची नाही, जखमेतून धूळ आत जाते.

“अन्‌ गाईचं दूध लेकराले पाजा का नाही?” राहुटीच्या कडेला बसलेल्या एका बाईंनी मधेच विचारलं.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. अणुभट्टीतून सुटणारं आयोडीन-१३१ गवतावर बसतं, गाय ते खाते, दुधातून ते लेकराच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलला भट्टी फुटली तेव्हा आसपासच्या खेड्यांतली मुलं तेच दूध पीत राहिली. पुढच्या दोन दशकांत त्या पिढीत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. हे दूध वेळीच थांबवलं असतं तर त्यांतले पुष्कळ टळले असते. शेजारच्या पोलंडने काही दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनचा डोस दिला आणि ताज्या दुधावर बंधनं घातली. म्हणून बंदी उठेपर्यंत मोकळ्यावर चरलेल्या गुरांचं दूध मुलांना आणि गर्भार बायांना द्यायचं नाही. डब्यातली दूधभुकटी चालते. गुरं गोठ्यात बांधायची, झाकून ठेवलेलं कुटार खायला घालायचं. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ऐंशी दिवसांत हजारातला एक भाग उरतो. तेवढी कळ काढली की तो धोका सरतो. सीझियम-१३७ निम्मं व्हायला मात्र तीस वर्षं लागतात, त्यासाठी माती आणि पीक तपासतच राहावं लागतं.

मेथी, पालक, अंबाडी अशी उघड्यावरची पालेभाजी त्या दिवसांत तोडायची नाही. उघड्या विहिरीपेक्षा बोअरचं पाणी बरं, कारण धूळ जमिनीत इतक्या खोल लवकर उतरत नाही. विहीर आणि टाकी झाकून टाका. घरातलं धान्य, डबाबंद अन्न, साल काढून खायचं संत्रं-केळं चालतं, पण साल आधी धुवा आणि मगच सोला.

तिसरं, आयोडीनची गोळी. प्रौढाला १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, मुलांना वयानुसार कमी. ढग येण्याच्या थोडं आधी किंवा आल्यावर पहिल्या काही तासांत घेतली तरच उपयोग. ती फक्त थायरॉइडला वाचवते, सीझियमवर तिचा काही परिणाम नाही. प्रशासनाने सांगितल्याशिवाय ती घ्यायची नाही. मीठ खाऊन हे काम होत नाही. आपल्या आयोडीनयुक्त मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. एका गोळीइतकं आयोडीन मिळवायला सहा-सात किलो मीठ खावं लागेल, आणि तेवढ्या मिठाने माणूस मरेल. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी मिठाची दुकानं रिकामी केली, आणि आशियाभर बीबीसीच्या नावाने एक खोटा संदेश फिरला की पावसात जाऊ नका, गळ्याला आयोडीनचं औषध चोळा. अशा वेळी फॉरवर्ड झालेला निरोप पुढे ढकलायचा नाही. जिल्हाधिकारी कार्यालय आणि आकाशवाणी सांगेल तेच खरं धरायचं.

चौथं, रस्त्यावरच्या माणसासाठी. महामार्गावर असताना बातमी कळली तर गाडीच्या काचा वर करा, बाहेरची हवा आत घेणारा एसीचा झरोका बंद करा, वाटेत रसवंतीवर, धाब्यावर थांबू नका, पोलीस वळवतील त्या रस्त्याने निघून जा. जवळ पक्की इमारत असेल तर तिच्यात शिरणं हे वाहतुकीत अडकण्यापेक्षा चांगलं. मुक्कामी पोचलात की कपडे, अंघोळ आणि गाडी धुणं.

धामणगावचे एक शेतकरी म्हणाले, “दादा, काकरापार-तारापूर लय दूर. आमच्या गावाजवळ काय होऊ शकते?”

होऊ शकतं ते याच महामार्गावरून येणाऱ्या ट्रकमधून किंवा भंगाराच्या गाडीतून. पाइपलाइनचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ वापरतात, कर्करोगाच्या उपचारात कोबाल्ट-६०. जाड शिशाच्या डब्यात ते सुरक्षित असतं. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात दोघांनी बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारासाठी फोडलं. आतली सीझियमची निळी चमकणारी भुकटी भंगारवाल्याने नातलगांत वाटली. चौघे दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात विद्यापीठाच्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६० फोडलं गेलं आणि एक कामगार प्राणाला मुकला. म्हणून पिवळ्या पाटीवरची काळी तीन पाती हे चिन्ह प्रत्येक भंगारवाल्याला आणि प्रत्येक शाळकरी पोराला ओळखता आलं पाहिजे. ते चिन्ह असलेला डबा रस्त्यात पडलेला दिसला तर हात लावायचा नाही, लांब सरायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी गर्दीत उभा होतो. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देह ठेवला, तो दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथीला त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली होते. वेळ झाली आणि लाखोंचा तो समुदाय जागच्या जागी थांबला. रांगेतला रांगेत, पाणी वाटणारा हातात तांब्या घेऊन. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी हाकाटी केली नाही. तारापूरला आणीबाणीचे सराव मी पाहिले आहेत. केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या पट्ट्यात दर दोन वर्षांनी असा सराव होतो आणि जिल्हाधिकारी त्याचं नेतृत्व करतात. भोंगा वाजला की गावाने घरात जायचं, एवढी एक गोष्ट लोकांच्या अंगी बाणवायला किती खटपट पडते, ते मला ठाऊक आहे. इथे तर लाखो माणसं एका मिनिटाला एक होतात. हा समुदाय ठरवेल ते शिकू शकतो.

महाराजांनी ग्रामगीता लिहिली ती १९५५ मध्येच, जपानला गेले त्याच वर्षी. गावाची सफाई, आरोग्य, संघटन, संकटात एकमेकांना सावरणं, हे सगळं गावाने स्वतः करायचं, हा तिचा गाभा. किरणोत्सर्गापासून बचावाची यादी नीट पाहिली तर ती यापेक्षा वेगळी नाही. अंग धुणं, पाणी झाकणं, दुधाची काळजी, आजारी-म्हाताऱ्यांना घाईत न हलवणं, अफवा न पसरवणं. मदतही लांब नाही. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय प्रशिक्षण नागपुरात १९५७ पासून दिलं जात आलं आहे आणि मोझरीहून नागपूर तीन तासांच्या आत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची अणुआपत्तीबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून प्रसिद्ध आहेत. अपुरं आहे ते गावापर्यंत पोचणं.

त्या राहुटीतली वही गुरुजींनी सोबत नेली आणि आपल्या मंडळाच्या साप्ताहिक बैठकीत ती वाचून दाखवायचं कबूल केलं. वाचकांना माझी तीच विनंती आहे. २६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा भरेल, तेव्हा या विषयाला अर्धा तास मागून घ्या. कूलर बंद, दारं बंद, कपडे बाहेर, दूध थांबवा, मीठ खाऊ नका, तीन पात्यांच्या डब्याला हात लावू नका, १०७७ वर फोन करा. एवढं शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. खर्च डबाभर रंगाचा आहे, आणि संकट आलंच तर तुमच्या गावाला ‘काय करा लागते’ हे कोणाला विचारावं लागणार नाही.